अस्तरावरची अक्षरं

शेवंतावहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अंधेरीत एका पिठाच्या चक्कीची पाटी रंगवत शिडीवर उभा होतो. 'दळण'मधला 'ण' अर्धा झाला होता. शेजारच्या पानवाल्याकडे फोन आला होता, तो शिडीखाली येऊन म्हणाला, "पेंटर, जोगेश्वरीहून फोन होता. तुमच्या त्या पिशवीवाल्या वहिनी गेल्या म्हणतात... सकाळी." मी वरूनच बरं म्हटलं आणि तो 'ण' पुरा केला. दांडा सरळ आलाय की नाही हे मान तिरकी करून पाहिलंसुद्धा. मग खाली उतरलो, ब्रश घासलेटात बुडवला आणि तिथल्याच पोत्यांवर बसून राहिलो. माणूस गेल्याचं कळल्यावर मी एक अक्षर पुरं करायला थांबलो, ही गोष्ट महिना उलटून गेला तरी मनातून जात नाही. पण तिच्याहून मोठी एक गोष्ट माझ्या मनात आहे, आणि ती सांगायची म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

स्मशानातून परतल्यावर मंडळाचे दोघेजण माझ्याकडे आले. नाक्यावर फलक लावायचा होता. मी कांदिवलीला राहायला गेलो त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी आमच्या जुन्या चाळीत कुणी गेलं की तो कापडी फलक मीच लिहून देतो, तशी रीतच पडून गेली आहे. "काका, वहिनींचा फलक तुमच्याच हातचा पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, रंग संपलाय. रंग संपलेला नव्हता. खांद्यावरच्या पिशवीत निळ्या रंगाचा डबा होता, आणि ती पिशवीही वहिनींनीच शिवलेली होती. शेवटी मालाडच्या कुणा पेंटरकडून त्यांनी फलक करून आणला. अक्षरं वाकडी होती, 'शेवंता'तला अनुस्वार घाईत कडेला गेला होता. तो फलक पाहताना मला लाज वाटत होती, पण ब्रश हातात घेववला नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे दोन शब्द त्या बाईंच्या नावावर लिहायचा हक्क मी फार पूर्वीच घालवून बसलो होतो. चाळीत हे कुणाला ठाऊक नाही. माझ्या बायकोला अर्धंच ठाऊक आहे.

शेवंतावहिनी म्हणजे माझा मित्र वसंता याची बायको. जोगेश्वरी पूर्वेला, लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बैठी चाळ, त्यात आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. वसंता परळच्या एका गिरणीत होता. संप सुरू झाला तेव्हा महिन्या-दोन महिन्यांत मिटेल असं सगळ्यांनाच वाटलं. तो मिटला नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. वर्षभर वाट पाहून वसंता गावी गेला, मालवणकडे त्यांची थोडी भातशेती होती आणि म्हातारी आई एकटी होती. त्यानं वहिनींनाही चला म्हटलं. वहिनी नाही म्हणाल्या. मंगल तेव्हा बारा वर्षांची, शाळेत हुशार, तिची शाळा सोडायची नाही एवढंच त्यांचं म्हणणं होतं. लग्नात भावानं दिलेलं पायमशीन खोलीत होतं, त्याच्यावर तोवर फक्त परकर आणि उशांचे अभ्रे शिवले गेले होते. वसंता गेला त्या आठवड्यात वहिनींनी त्याची गिरणीतली खाकी पँट उसवली आणि तिची पहिली पिशवी शिवली. "मालक गावाक गेले, पँट हयच रवली. बसून काय खातली?" असं म्हणून त्या हसल्या होत्या. ती पिशवी शेजारणीनं मागून नेली, मग दुसरीनं सांगितली, आणि बघता बघता ते काम उभं राहिलं.

जमना नावाची एक बोहारीण आमच्या भागात भांड्यांवर जुने कपडे घ्यायची. ती दुपारी वहिनींच्या पायरीवर गाठोडं सोडायची आणि दोघी मिळून कपडे निवडायच्या. वहिनींचे नियम ठरलेले. पँटच्या गुडघ्यावरचं कापड घ्यायचं नाही, ते वरून चांगलं दिसलं तरी आतून दमलेलं असतं. पँटचा खिसा उसवायचा नाही, तो जसाच्या तसा पिशवीच्या आत बसवायचा, म्हणजे बाईमाणसाला किल्ली ठेवायला जागा होते. मोडक्या छत्र्यांचं काळं कापड मासळीच्या पिशवीला आतून लावायचं, म्हणजे बाजारातून येताना पाणी गळत नाही आणि साडीला वास लागत नाही. बंदांना जुन्या खाटांची नवार. आणि पिशवी शिवून झाली की तिच्यात वरवंटा घालून ती दारामागच्या खिळ्याला दिवसभर टांगायची. ज्या पिशवीनं संध्याकाळपर्यंत वरवंटा झेलला तीच दाराबाहेर जायची. एकदा एका बंदाची शिवण सुटून वरवंटा खाली आला आणि फरशीला टवका गेला. वहिनींनी ती फरशी कधी बदलली नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, ती माझ्या चुकीची जागा आहे, दिसत राहिलेली बरी.

त्यात माझा भाग अस्तराचा. मी फलक रंगवणारा. निवडणुका, कबड्डीचे सामने, सत्यनारायण, रक्तदान, शोकसभा, सगळे फलक मांजरपाटावर ऑइल पेंटनं लिहायचे. कार्यक्रम झाला की त्या कापडाकडे कुणी बघत नाही. मी ते उतरवून आणायचो, कॉस्टिक सोड्यात भिजवायचो. रंग थोडा जायचा, बराचसा राहायचा. वहिनी ते कापड रंगाची बाजू आत, वरच्या कापडाकडे करून अस्तराला लावायच्या, म्हणजे पिशवीत पाहणाऱ्याला पांढरी बाजू दिसायची.

वहिनींना वाचता येत नव्हतं. लहानपणी शाळेच्या दारापर्यंतही त्या गेल्या नव्हत्या. मी फलक नेऊन दिला की त्या तो जमिनीवर पसरायच्या आणि विचारायच्या, "भावजी, हय काय लिवलेला आसा?" मी वाचून दाखवायचो. एकदा निवडणुकीत आपटलेल्या एका उमेदवाराचा फलक होता. त्याचं नाव ऐकून म्हणाल्या, "पडलो तो पडलो, आता कांदे तरी उचलतलो." पण शोकसभेचा फलक असेल तर त्या हसत नसत. तो धुऊन, घडी घालून, मशीनखालच्या पेटीत वेगळा ठेवत. चाळीत कुणी गेलं की पांढरं कापड लागतं, तेव्हा तो काढायच्या. पिशवीला कधी लावायच्या नाहीत. ज्या कापडासमोर माणसं रडली, त्यात भाजी कशी घालायची, असं त्यांचं साधं म्हणणं. कुठला फलक कशाचा हे त्यांना सांगणारा मी एकटा होतो. मंगल त्या वेळी शाळेत असायची.

आणि त्यांना माझं अक्षर आवडायचं. अर्थ कळत नसताना अक्षर आवडणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. त्या बोट फिरवून पाहायच्या, कुठे जाड आहे, कुठे बारीक होत गेलंय. मी वेलांटीच्या टोकाला गळासारखा एक छोटा आकडा काढतो, गुरूकडून आलेली सवय. तो आकडा त्या बरोबर ओळखायच्या. रस्त्यानं जाताना एखादी पाटी दिसली तर मंगलला सांगायच्या, ही भावजींची. मला एकदा म्हणाल्या, "तुमचा अक्षर फणसाच्या गऱ्यासारख्या भरलेला आसा." माझ्या कामाला यापेक्षा मोठं बक्षीस मिळालेलं नाही.

मी त्यांना शिकवतो असं एकदा म्हणालो होतो. मंगलच्या पाटीवर 'श' काढून दिला. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही, त्यांनी विचारलं नाही, ते तिथेच राहिलं. खरं सांगायचं तर त्यांना वाचता येत नाही याचं मला तितकंसं वाईट वाटत नव्हतं. बाहेर मी नुसता पेंटर होतो, दुकानदार मला उन्हात उभं करून ठेवायचे. वहिनींच्या दारात मात्र मी वाचणारा माणूस होतो. वसंताचं पत्र आलं की त्या ते मंगलला न देता माझ्यासाठी ठेवायच्या, नवऱ्याचं पत्र पोरीकडून वाचून घ्यायला त्यांना संकोच वाटायचा. मी खाटेवर बसायचो, चष्मा पुसायचो आणि वाचायचो. ते मला हवं होतं...

पार्ल्याच्या मावशींचं काम मीच आणलं. मावशी म्हणजे माझ्या बायकोच्या मावशी. त्यांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं आणि लग्नाला येणाऱ्या सवाष्णींची ओटी कापडी पिशवीत घालून द्यावी अशी त्यांची हौस. खण, नारळ, तांदूळ, आणि हातात धरायला सुबक पिशवी. मी वहिनींच्या पिशव्यांचं एवढं वर्णन केलं की मावशींनी साठ पिशव्या सांगितल्या. शिंप्यांकडून रंगीत कातरणं गोळा करून वहिनींनी वरची बाजू तुकडे जोडून अशी शिवली की पाहत राहावं. शेजारच्या दोघी मदतीला आल्या. इतकं मोठं आणि इतकं शुभ काम त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. पार्ल्यातल्या बायकांनी पिशव्या पाहिल्या की पुढे काम येत राहील, मंगलच्या शाळेची काळजी मिटेल, हे त्या बोलल्या नाहीत तरी मशीनच्या आवाजात कळायचं. मंगल सुट्टीत वडिलांकडे गावी गेली होती.

लग्नाला दोन दिवस उरले आणि बारा पिशव्यांचं अस्तर कमी पडलं. मी म्हटलं, आणतो. एक कबड्डीचा फलक उतरणार होता, तो उतरला नाही, सामने पुढे गेले होते. घरी माझ्याकडे एकच कापड होतं. कांदिवलीच्या एका निवृत्त मास्तरांच्या शोकसभेचा फलक. मास्तरांबद्दल मी बरंच चांगलं ऐकलं होतं, म्हणून जीव ओतून लिहिला होता. वर चार बोटं उंचीच्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये मोठं नाव, खाली 'शोकसभा'. निळ्या रंगात. सोड्यानं रंग जेमतेम फिका झाला होता. नवं मांजरपाट दुकानातून आणता आलं असतं. पण अस्तर मी आणतो असं सांगून बसलो होतो, वेळ नव्हता, आणि अक्षरं नेहमीप्रमाणे आतच जाणार होती. ती कुणाला दिसणार होती.

मी कापड नेऊन पसरलं. वहिनींनी नेहमीसारखं विचारलं. मी म्हटलं, "कबड्डीचे सामने."

त्या वाकून पाहत राहिल्या. वरच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "ह्या आदी खंयतरी बघलेला वाटता."

"माझी सगळी अक्षरं सारखीच दिसतात, वहिनी."

त्यांनी मान हलवली. मी सांगितलं म्हणजे ते तसंच असणार. मी तिथून निघालो तेव्हा त्या कात्री चालवायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गठ्ठे बांधून तयार होते. मी एकही पिशवी उघडून पाहिली नाही. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, शेवटच्या बारांमध्ये तुमच्यासाठी एक गंमत केली आहे, मावशींना दाखवा. मला वाटलं एखादी नक्षी असेल. घाईत होतो, हो हो करून टॅक्सीत बसलो.

गंमत अशी होती की त्या बारा पिशव्यांना त्यांनी अस्तर उलटं लावलं होतं. रंगाची बाजू बाहेर. पिशवी उघडली की आत माझी निळी अक्षरं दिसावीत म्हणून. नंतर त्यांनी मला सांगितलं, "एवढी चांगली अक्षरां, आत कोंडून कशाक ठेवूची?"

पार्ल्याच्या कार्यालयात जेवणं उरकत आली होती. सवाष्णी ओळीनं बसल्या होत्या आणि मावशी स्वतः पिशव्यांत नारळ घालत होत्या. त्या बारांतल्या बाकीच्या पिशव्यांत मास्तरांच्या नावाचे तुकडे आले होते, नुसते काने आणि वेलांट्या, त्यांचा अर्थ कुणाला लागला नसता. पण एका पिशवीत 'श्रद्धांजली' हा अख्खा शब्द आला होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शिवणीनं जराही न कापता. ती पिशवी नवरीच्या आत्याच्या हातात आली. त्यांनी आत हात घातला, मग हात बाहेर काढला. मी समोरच्या भिंतीशी पान खात उभा होतो. त्यांनी ती शेजारणीला आतून दाखवली. ओळीतून ती पिशवी पुढे सरकत गेली आणि तिच्याबरोबर एक शांतता सरकत गेली, ती मला अजून दिसते.

मावशींनी मला कोपऱ्यात बोलावलं. हे काय आहे, एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हा मला सगळं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "त्या बाईंना वाचता येत नाही हो."

वाक्य खरं होतं. त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

मावशी दोन दिवसांनी जोगेश्वरीला आल्या, ती एक पिशवी घेऊन. मी त्यांना थांबवू शकलो नाही, त्यांच्यामागून चालत गेलो. वहिनी मशीनवर होत्या, उठून त्यांनी पदर सावरला, आत या म्हणाल्या. मावशी आत गेल्या नाहीत. दारातच, चाळीतल्या बायका ऐकत असताना, त्यांनी पिशवी उलटी केली आणि तो शब्द वाचून दाखवला. माझ्या मुलीच्या ओटीत तुम्ही हे घातलंत, असं म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनींनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फार वेळ नाही. त्या पाहण्यात प्रश्न होता आणि मी खाली पाहिलं. माझ्या चपलेवर रंगाचे ठिपके होते, त्यांच्याकडे पाहत राहिलो.

"चूक माझी," त्या मावशींना म्हणाल्या. "माका वाचूक येणा नाय."

त्यांनी ती पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि मावशींना पाणी विचारलं. मावशी पाणी न घेता गेल्या. चाळीतल्या बायका पांगल्या. मी काहीतरी बोलायला गेलो की घाईत मीही नीट उलगडून पाहिलं नव्हतं, जुना फलक होता, लक्षात राहिलं नाही... त्या ऐकत होत्या. ते अस्तर उलटं का लावलं हे त्यांनी तेव्हाच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, नुसतं समजावं म्हणून. मग मशीनवर जाऊन बसल्या. पण चाक फिरवलं नाही.

पुढे जे झालं ते कुणीही सांगू शकेल. पार्ल्याहून काम आलं नाही. ही गोष्ट आमच्या भागातही पसरली, आणि नवी सून असलेल्या घरांतून वहिनींच्या पिशव्या परत यायला लागल्या. मदतीला येणाऱ्या दोघी येईनाशा झाल्या. वहिनी स्वतः मासळीबाजाराच्या दाराशी छत्रीच्या कापडाच्या पिशव्या घेऊन बसू लागल्या. कोळणींना शुभ-अशुभाचं एवढं पडलेलं नसतं, पिशवी गळत नाही ना एवढंच त्या बघतात. त्यांच्या जोरावर वर्ष-दीड वर्षानं ते काम पुन्हा उभं राहिलं. मात्र त्यानंतर मी फलक घेऊन गेलो की त्या म्हणायच्या, अक्षरांचं कापड आता नको, भावजी. रागानं नाही. जसं एखाद्याला तिखट चालत नाही तसं. मी कांदिवलीला खोली घेतली तेव्हा लोकांना वाटलं जागा मोठी हवी म्हणून घेतली. मी त्या दारासमोरून रोज जाऊ शकत नव्हतो, हे त्याचं खरं कारण.

तरी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. गेलो की वहिनी चहा टाकायच्या आणि वसंताचं पत्र पुढे करायच्या. मी वाचायचो. मला वाटायचं, निदान एवढं तरी त्यांच्या उपयोगी पडतोय. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं, वहिनी, मला माहीत होतं. आणि दर वेळी पत्र वाचून परत यायचो.

शेवटचा गेलो तो त्यांच्या जाण्याआधी तीन-चार आठवडे. काविळीनं त्या फार उतरल्या होत्या, डोळे पिवळे, पण दारामागच्या खिळ्याला पिशवी टांगलेली होती आणि तिच्यात वरवंटा होता. त्यांनी इनलँड पत्र दिलं. कडेनं नीट कापून उघडलेलं होतं. वसंतानं लिहिलं होतं की आता गिरणीची आशा सोडली, मी मुंबईला परत येत नाही, खोली विकून टाक आणि तुम्ही दोघी इकडे या. एवढ्या आजारी बाईंना हे कसं वाचून दाखवायचं. मी त्या ओळी गाळल्या. भात बरं झालंय, म्हशीला पारडू झालं, तब्येतीला जप, एवढंच वाचलं आणि घडी घातली.

"बरा वाचलात, भावजी," त्या म्हणाल्या.

मी धीर करून सुरुवात केली, "वहिनी, ते पार्ल्याचं कापड..."

"च्या थंड होताहा."

चहा प्यायलो आणि उठलो. दारापर्यंत त्या पोचवायला आल्या. एवढंच.

तेराव्याला गेलो तेव्हा मंगलनं मला थांबवून घेतलं. मंगल आता कॉलेजात जाते आणि मशीनही चालवते. तिनं दारामागच्या खिळ्यावरून पिशवी काढली, आतला वरवंटा बाजूला ठेवला आणि पिशवी माझ्या हातात दिली. बाहेरून रंगीत तुकडे जोडलेली, सुबक. मी आत पाहण्याआधीच मला कळलं. मावशींनी आणलेली तीच पिशवी. वर्षानुवर्षं मी तिच्यासमोर बसून चहा पीत होतो.

"आई ह्याच्यावर वाचायला शिकली, काका," मंगल म्हणाली.

मला समजलंच नाही. तिनं सावकाश सांगितलं. त्या मे महिन्यानंतर ती गावाहून परत आली, तेव्हा आईनं ही पिशवी पुढे ठेवली आणि म्हणाली, हे काय आहे ते मला वाचता आलं पाहिजे. पुस्तक नको म्हणाली, हेच. 'श्र' आईला महिनाभर जमला नाही. मग एक दिवस सगळा शब्द वाचला. मग ती पाट्या वाचायला लागली, मग सगळंच.

"वाचल्यावर काय म्हणाल्या?" मी विचारलं.

मंगल आईच्याच बोलीत म्हणाली, "लिवताना केवढा मन लावल्यानी बघ. काय लिवल्यानी ता त्यांका ठावक नसतला काय?"

मी खाटेवर बसलो. म्हणजे इतकी वर्षं... पण मग माझ्याकडून पत्रं का वाचून घेत होत्या, असं मी विचारलं असावं, कारण मंगल म्हणाली, "मी पण विचारायचे. ती म्हणायची, वाचूक येता ता त्यांका सांगू नको. मगे ते हय येवचे नाय."

शेवटचं पत्रही त्यांनी माझ्या आधी दोन दिवस वाचलं होतं. त्याचं उत्तर पाठवून झाल्यावर त्यांनी ते माझ्या हातात दिलं होतं. मी गाळलेल्या ओळी त्यांना पाठ होत्या.

वहिनी गेल्यावर गावाहून आलेला वसंता कोपऱ्यात बसला होता. त्यानं बंडीच्या खिशातून त्यांचं ते उत्तर काढलं आणि मला दिलं. चारच ओळी होत्या. खोली विकायची नाही, मंगलचं शिक्षण पुरं होऊ दे, मशीन इथे बरं चालतं, तुम्ही तब्येत सांभाळा. शाळेत शिकलेल्या माणसाचं ते अक्षर नव्हतं. प्रत्येक अक्षर सुटं, उभं, कडा भरलेल्या, पाटीवर काढावं तसं. आणि प्रत्येक वेलांटीच्या टोकाला एक छोटा आकडा. तो आकडा मुंबईत मी काढतो, माझे गुरू काढायचे, ते गेले. आणि ह्या एका पत्रात...

पिशवी मी घरी आणलेली नाही. मंगल घ्या म्हणाली, पण मीच ती परत खिळ्याला लावली आणि आत वरवंटा ठेवला. ती तिथेच बरी, टवका गेलेल्या फरशीच्या वर. मंगलचा आग्रह होता की हे सगळं मी लिहावं. छापून आलं तर ती ते मशीनजवळ बसून मोठ्यानं वाचणार आहे. मी तिला एवढंच सांगितलं आहे की एकही ओळ गाळू नकोस.